बंदिवासातील हर्ष, दारिद्र्यातील दान

आज नाताळ. मार्गशीर्ष-पौषाच्या सांध्यावर, गीताजयंती आणि दत्तजयंती यांच्या आगेमागे येणारा हा सण आपल्या महाराष्ट्रास परका नाही. वसईकडे आणि गोमंतकात नाताळच्या फराळाची ताटली शेजारच्या हिंदू घरी जाते आणि दिवाळीच्या फराळाची ताटली उलट वाटेने येते, हा प्रघात पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. गाईच्या गोठ्यात जन्मलेल्या बाळाची कथाही आमच्या भाविक वाचकांनी ऐकलेली असते; कारागृहात जन्मलेल्या आणि रातोरात गोकुळात नेलेल्या बाळाचे ज्यांना वेड आहे, त्यांना ती कथा समजावून सांगावी लागत नाही. म्हणून आज आम्ही त्या जन्माविषयी लिहीत नाही. त्या जन्मानंतर पन्नास-साठ वर्षांनी एका बंदिवानाने लिहिलेल्या एका पत्राविषयी आणि ज्यांना ते लिहिले त्या गरीब माणसांविषयी लिहीत आहोत. ख्रिस्ती संप्रदायात संतोष, हर्ष आणि औदार्य या तीन गोष्टी एकत्र कशा नांदतात, आणि त्याही सुबत्तेत नव्हे तर विपत्तीत, हे या पत्राइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

फिलिप्पै नावाचे एक नगर ग्रीस देशाच्या उत्तर भागात, मासेदोनिया प्रांतात होते. अलेक्झांडरचा पिता फिलिप याने त्याला आपले नाव दिले. इसवी सनापूर्वी ४२ मध्ये याच नगराच्या मैदानावर ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांचा पराभव झाला, आणि पुढे निवृत्त रोमन सैनिकांची तेथे वसाहत झाली. आज त्याचे भग्नावशेष कावाला बंदरापासून थोड्या अंतरावर आहेत. २०१६ मध्ये त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. या नगरात इसवी सन ५० च्या सुमारास पौल नावाचा एक यहुदी पंडित आला. धर्मशास्त्राचा गाढा अभ्यासी; पण पोटासाठी तंबू शिवण्याचा धंदा करणारा. विद्या विकावयाची नाही आणि हाताला काम असावे, ही वृत्ती ज्यांनी आपल्याकडच्या जुन्या शास्त्र्यांत पाहिली असेल, त्यांना पौलाचा हा स्वभाव चटकन उमगेल.

फिलिप्पैत पौलाचा पहिला श्रोतृवृंद नदीकाठी जमलेल्या काही स्त्रियांचा होता. त्यांत जांभळ्या कापडाचा व्यापार करणारी लुदिया नावाची स्त्री होती. तिने पौलास आग्रहाने घरी उतरविले. पुढे मात्र गोष्ट विकोपास गेली. अंगात वारे येऊन भविष्य सांगणारी एक दासी होती. तिच्या त्या भविष्यावर तिचे धनी पैसा करीत. पौलाने तिला त्या बाधेतून सोडविले आणि धन्यांची मिळकत बुडाली. त्यांनी पौल आणि त्याचा सोबती सीला यांना अधिकाऱ्यांपुढे ओढून नेले. दोघांना छड्यांनी फोडून काढण्यात आले आणि आतल्या कोठडीत पाय खोड्यात अडकवून टाकण्यात आले. त्या रात्री, ऐन मध्यरात्रीच्या सुमारास, ते दोघे भजन करीत होते आणि इतर कैदी ऐकत होते, असे प्रेषितांच्या कृत्यांच्या ग्रंथात नोंदविलेले आहे.

कीर्तनकार म्हणून आम्हांस यातील पुढच्या भूकंपापेक्षा हे भजनच अधिक विलक्षण वाटते. साथीला ना टाळ ना मृदंग. पाठ रक्ताळलेली. समोर बिदागी देणारा यजमान नाही, आणि श्रोते कोण, तर शेजारच्या कोठडीतील चोर-दरवडेखोर. भूकंपाने दारे उघडली, तेव्हा कैदी पळाले असे समजून तुरुंगाधिकारी स्वतःवर तलवार चालवू लागला. पौलाने त्याला हाक मारून थांबविले, की आम्ही सारे येथेच आहोत. मग त्याच तुरुंगाधिकाऱ्याने त्यांच्या जखमा धुतल्या आणि घरी नेऊन जेवू घातले. फिलिप्पैची ख्रिस्ती मंडळी ही अशी जमली. एक व्यापारी स्त्री, एक तुरुंगाचा अधिकारी आणि अशीच आणखी काही साधी माणसे.

या मंडळीने पौलाला पुढे कधी अंतर दिले नाही. तो थेस्सलनीका नगरात गेला तेथेही त्यांनी एकदा नव्हे, दोनदा मदत पाठविली. काही वर्षांनी तो पुन्हा बंदिवासात पडला. त्या काळच्या रोमन अंमलात कैद्याच्या अन्नवस्त्राची निगा त्याच्या आप्तमित्रांनीच राखावयाची असे. ज्याचे बाहेर कोणी नाही तो खंगून जावयाचा. फिलिप्पैकरांनी आपल्यातील एपफ्रदीत नावाच्या एका माणसाबरोबर द्रव्य धाडले. तो बिचारा आजारी पडून मरणाच्या दारी गेला आणि कसाबसा वाचला. त्याला परत पाठविताना पौलाने त्याच्या हाती जे पत्र दिले, तेच नव्या करारातील फिलिप्पैकरांस पत्र होय. केवळ चार लहान अध्याय आहेत. परंतु हर्ष आणि हर्षित होणे या अर्थाचे शब्द त्यांत पंधरा-सोळा वेळा येतात. त्यातला मूळ ग्रीक शब्द ‘खारा’. त्याचा धातू आणि आपल्या वेदांतील ‘हर्यति’ हे क्रियापद एकाच मुळातून निघाले, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. आवडीने स्वीकारणे, रमणे, हा त्या वैदिक क्रियापदाचा अर्थ. खटल्याचा निकाल लागावयाचा आहे, तो मृत्यूचाही असू शकतो, आणि हा मनुष्य रमण्याची भाषा बोलतो आहे.

पत्राच्या शेवटी पौल त्या मदतीकडे वळतो, आणि तेथे त्याची मोठी पंचाईत झालेली दिसते. मला काही उणे आहे म्हणून मी बोलत नाही, असे तो सांगतो. जी स्थिती असेल तीत संतुष्ट राहण्यास मी शिकलो आहे, भरल्या पोटी राहणे आणि उपाशी राहणे, विपुलता आणि टंचाई, या दोहोंचे मर्म मला कळले आहे. येथे त्याने योजिलेला ‘आउतार्केस’ हा शब्द त्या काळच्या स्तोइक तत्त्वज्ञांचा आवडता शब्द आहे. आपणच आपणांस पुरेसा, असा त्याचा शब्दशः अर्थ. मर्म कळणे यासाठी त्याने जे क्रियापद वापरले, ते ग्रीकांच्या गूढ उपासनांतील दीक्षेचे आहे. म्हणजे संतोष हा स्वभावाचा गुण नव्हे. त्याची दीक्षा घ्यावी लागते, आणि ती देणारे गुरू म्हणजे उपवास, थंडी, फटके आणि तुरुंग. आणखी एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. टंचाईत कसे राहावे एवढेच शिकलो असे तो म्हणत नाही. विपुलतेत कसे राहावे हेही शिकावेच लागले म्हणतो. हा दुसरा धडा आम्हांस पहिल्यापेक्षा कठीण वाटतो. उपाशी माणसाला तृष्णेशी झगडावे लागते हे दिसते तरी. भरल्या घरातील तृष्णा पाहुणीसारखी पाटावर बसलेली असते.

पातंजल योगशास्त्रात संतोष हा नियमांपैकी एक आहे आणि त्यापासून अनुत्तम सुख लाभते असे सूत्रकारांनी सांगितले आहे, हे आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. मग दोहोंत फरक तो काय? आमच्या मते फरक आहे, आणि तो लपविण्यात शहाणपण नाही. योग्याचा संतोष चित्ताच्या प्रशमनातून येतो. स्तोइकाचा संतोष बुद्धीच्या बळावर उभा असतो. पौलाचा संतोष दुसऱ्याच्या बळावर. मला सामर्थ्य देणारा जो आहे त्याच्या ठायी मी हे सारे करू शकतो, असे तो लगेच पुढे सांगतो. शब्द स्वयंपूर्णतेचा घेतला आणि अर्थ मात्र पूर्ण अवलंबनाचा भरला. आमच्या वारकऱ्यांना यात काही नवल वाटू नये. पंढरीची वाट चालणारा आपल्या पायांचे श्रेय आपल्याकडे कधी घेत नाही.

त्याच काळी रोममध्ये सेनेका नावाचा मोठा स्तोइक तत्त्ववेत्ता होता. अल्पसंतोषावर त्याने फार सुंदर लिहिले आहे. तो नीरो बादशहाचा गुरू होता आणि रोममधील अत्यंत धनाढ्य पुरुषांत गणला जात होता. योगायोग असा की त्याचा सख्खा भाऊ गल्लियो करिंथ येथे अधिकारी असताना पौलाला त्याच्यापुढे उभे करण्यात आले होते. सेनेकाला दांभिक म्हणण्याचे आम्हांस कारण नाही. पुढे नीरोच्याच आज्ञेने त्याला प्राण द्यावे लागले आणि ते त्याने धैर्याने दिले. पण संतोषाचा उपदेश कोणी करावा हा प्रश्न उरतोच. ज्याच्या कोठारात दोन वर्षांचे धान्य आहे त्याने दुष्काळग्रस्तास संतोष सांगितला, तर तो उपदेश राहत नाही. तो उपमर्द होतो. आमच्या व्यवसायात हा धोका नित्याचा आहे. यजमानाच्या घरचे साजूक तूप जेवून रात्री वैराग्यावर निरूपण करणे सोपे असते, आणि श्रोत्यांच्या पहिल्या रांगेत कोण बसले आहे आणि शेवटच्या रांगेत कोण, हे पाहून अनेकदा आमची जीभ अडखळलेली आहे. पौलाचे बोल खरे वाटतात ते त्याच्या पायांतील बेडीमुळे.

आता पंचाईत ही, की जो संतुष्ट आहे त्याला दान कशाला? फिलिप्पैच्या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन पैसे धाडावे आणि उत्तर यावे की मला काही उणे नव्हते! पौलाला हे उमजत होते. म्हणून तो म्हणतो की तुम्ही माझ्या संकटात वाटेकरी झालात हे उत्तम केले. मी देणगीच्या मागे नाही, तुमच्या खात्यावर जमा होणाऱ्या फळाच्या मागे आहे. मग चक्क व्यापाऱ्याची भाषा येते. मला सर्व पोहोचले, असे तो लिहितो, आणि त्यासाठी वापरलेला शब्द त्या काळी पावतीवर लिहिला जात असे. आणि पावती फाडताच पुढच्याच वाक्यात हिशेबाची वही मिटून तो यज्ञमंडपात शिरतो. ते दान म्हणजे देवाला रुचणारा सुगंधी हवि आहे, असे तो म्हणतो. संतुष्ट माणसानेही दान घ्यावे ते देणाऱ्यासाठी, हा विचार येथे आहे. सुदाम्याच्या पोह्यांची द्वारकेच्या राण्यांना गरज नव्हती.

याच मासेदोनियातील मंडळ्यांची दुसरी एक हकीकत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात आली आहे. क्लौद्य कैसराच्या काळी मोठा दुष्काळ पडला होता. यरुशलेम येथील ख्रिस्ती मंडळी पुढेही हलाखीतच होती. त्यांच्यासाठी पौल गावोगाव वर्गणी गोळा करीत होता. करिंथ हे दोन समुद्रांच्या मधले, व्यापाराने गबर झालेले नगर. तेथील मंडळीने वर्षापूर्वी उत्साहाने आकडा मान्य केला आणि नंतर काम रेंगाळले. हा अनुभव कोणत्या उत्सव समितीला नाही? उलट मासेदोनियातील मंडळ्या छळाने गांजलेल्या. त्यांचे दारिद्र्य तळाला गेलेले, असा शब्द पौलाने वापरला आहे. त्यांच्याकडून मागण्याचा पौलाला संकोच वाटला असावा, कारण त्यांनीच विनवणी केली, की या सेवेत आम्हांस वाटा घेऊ द्या. आणि ऐपतीपलीकडे दिले. त्यांच्या हर्षाची विपुलता आणि त्यांचे दारिद्र्य या दोहोंच्या मिलाफातून औदार्य ओसंडले, असे पौलाचे विधान आहे. गणित म्हणून पाहिले तर हे चुकलेले आहे. हर्षात दारिद्र्य मिळविले असता औदार्य कसे निघेल?

कुरुक्षेत्रीच्या मुंगसाने याचे उत्तर युधिष्ठिराच्या अश्वमेधात दिलेले आहे. दुष्काळात शेतातले सांडलेले दाणे वेचून जगणारे ब्राह्मणाचे चौघांचे कुटुंब. अनेक उपवासांनंतर मिळालेल्या जवाचे सातू. दारी आलेला अतिथी. आणि एकामागून एक चौघांनी पुढे केलेला आपापला वाटा. त्या सातूच्या सांडलेल्या पिठात लोळून मुंगसाचे अर्धे अंग सोन्याचे झाले आणि सम्राटाच्या यज्ञमंडपात लोळूनही उरलेले अर्धे तसेच राहिले. यरुशलेमच्या मंदिरात दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेची येशूने सांगितलेली थोरवी याच जातीची आहे. त्याने शिष्यांना बोलावून दाखविले, की श्रीमंतांनी उरलेल्यातून टाकले, हिने सारी उपजीविका टाकली.

पौलाने करिंथकरांना हे उदाहरण दिले, पण आज्ञा केली नाही. खिन्नतेने किंवा भिडेने देऊ नका, देवाला हसतमुख दाता आवडतो, असे सांगितले. शिवाय एक गोष्ट आवर्जून केली, जी आमच्या मते आज प्रत्येक देवस्थानाच्या कार्यालयात ठळक लावावी अशी आहे. द्रव्य यरुशलेमला नेताना त्याने एकट्याने नेले नाही. मंडळ्यांनी निवडून दिलेला माणूस बरोबर घेतला, कारण एवढ्या मोठ्या देणगीच्या व्यवस्थेविषयी कोणी बोट दाखवू नये. केवळ देवापुढे नव्हे, माणसांपुढेही चोख असावे, असे त्याने लिहिले. श्रद्धेच्या पैशाला हिशेब विचारला की आपल्याकडे अनेकांना तो देवाचा अपमान वाटतो. पौलाला तसे वाटले नाही.

करिंथकरांनीही शेवटी हात सैल केला. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात त्यांच्या प्रांताची देणगी जमा झाल्याचा उल्लेख आहे. ते दान पोहोचविण्यास पौल यरुशलेमला गेला आणि तेथेच पकडला गेला. त्यातूनच पुढे तो रोमला बंदिवान म्हणून आला आणि परंपरा मानते त्याप्रमाणे रोममधील त्याच बंदिवासात फिलिप्पैकरांचे हे हर्षपत्र लिहिले गेले. काही विद्वान ते इफिस नगरातून लिहिले असे म्हणतात. परंपरा खरी धरली, तर गरिबांचे दान पोहोचविण्याच्या पायी बेडी पडली आणि त्या बेडीत बसून त्याने त्याच गरिबांना आनंदी राहा म्हणून लिहिले, असा तो क्रम लागतो.

आमच्या लहानपणी १९७२ चा दुष्काळ पडला. आमच्या गावच्या बायकापुरुषांनी खडी फोडण्याच्या कामावर दिवस काढले आणि परदेशातून आलेली मिलो नावाची लाल ज्वारी खाल्ली. त्या सालीही देवळात कीर्तनाचा सप्ताह झाला. आरतीच्या ताटात नोटा दिसत नव्हत्या; पण आमच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेले स्मरते, की दाणे घेऊन येणाऱ्यांची संख्या घटली नव्हती, मूठ मात्र लहान झाली होती. टंचाईच्या काळात घरोघर पहिली कात्री कशाला लागते हे ज्याने त्याने आपल्या वहीत पाहावे. देवाधर्माला आणि दारच्या याचकाला ती लागते, सुपारी-तंबाखूला नाही, असे आम्ही पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. आणि याच्या अगदी उलट वागणारी घरेही पाहिली आहेत, ती बहुधा लहान होती.

या साऱ्याचा आपल्या महाराष्ट्राशी एक साक्षात धागा आहे, आणि तो थोडा दुखरा आहे. अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान वैदिक. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल स्वजनांचा रोष पत्करलेले. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले, आणि १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेतील दुष्काळाच्या झळा सोशीत त्यातील आईबाप आणि थोरली मुलगी गेली. उरली धाकटी रमा आणि तिचा भाऊ. जिला १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी पंडिता आणि सरस्वती म्हणून गौरविले, तीच ही रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे शारदासदनावरून पुण्यात जे वादळ उठले, त्यात दोन्ही बाजूंनी जे लिहिले गेले ते आज उकरण्याची आमची इच्छा नाही. धर्मांतराविषयी आमचे मत आमच्या वाचकांहून निराळे नाही. आम्ही ज्या गादीवर उभे राहून कीर्तन करतो तिचा आम्हांस अभिमान आहे. परंतु एक पुराणिकाचे विद्वान घराणे देवळांच्या आणि क्षेत्रांच्या छायेत उपासमारीने मोडले, ही गोष्ट तीर्थक्षेत्रातील कोणाही गृहस्थाने त्या वादाच्या आधी वाचली पाहिजे.

कारण १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, त्या भूक म्हणजे काय हे स्वतः भोगलेल्या होत्या म्हणून. तेथून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. केडगावच्या शेतजमिनीवर तंबू आणि छपरे उभी राहिली, तेच मुक्तिसदन. एवढ्यांना घालावयाचे काय, याचा पुरवठा हाताशी नव्हता. १९०० च्या दुष्काळात गुजरातकडील मुलींची भर पडली आणि आश्रितांची संख्या हजारावर गेली. विहिरी खणल्या, शेती केली, माग चालविले, तेलघाणा घातला. खाणारी तोंडे वाढली की दार लावावयाचे, हा व्यवहाराचा नियम त्या घरात चालला नाही.

रेव्हरंड टिळकांचे घरही त्याच पठडीतले. १८९५ मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. ख्रिस्ती मंडळींना टाळ-चिपळ्यांच्या साथीने कीर्तन ऐकविणाऱ्या या कवीच्या हाती पैसा कसा टिकत नसे, आणि त्यापायी संसार सांभाळणाऱ्या लक्ष्मीबाईंची कशी तारांबळ उडे, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या प्रत्येकास आठवत असेल. औदार्याची किंमत घरातल्या कोणाला मोजावी लागते, हेही त्या पुस्तकाने हसत हसत सांगितले आहे, आणि ते सांगणे आवश्यक होते.

रमाबाईंनी उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषा शिकून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. लहान मुलीलाही कळावे अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. ज्या जिभेने बालपणी भागवताचे श्लोक मुखोद्गत केले होते, ती आता पौलाच्या त्या ग्रीक शब्दांना मराठी प्रतिशब्द शोधीत होती. प्रकृती ढासळली तरी काम थांबले नाही. ते पुरे होत आले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा देह पडला. ग्रंथ केडगावच्या छापखान्यात छापला गेला. त्याचे खिळे मुक्तिसदनातील स्त्रियांनी जुळविले होते.